विमानाला ट्रॅक्टर

कॉलेजच्या प्रवेशखिडकीपुढची रांग हलायचं नाव घेईना, तेव्हा रांगेतल्या एका मास्तरांनी पुढच्या बापलेकीच्या बोलण्याकडे कान लावले.

"वैमानिक झालीस की जवळपासच्या गावांना जाणाऱ्या त्या विमानकंपनीत थेट नोकरी?"

"हो बाबा. कॉलेजचा त्यांच्याशी करारच आहे."

"अगं, तुला साधी गाडी मागे घेता येत नाही! दोनदा फाटक पाडलंस."

"विमान मागे घ्यावंच लागत नाही. ट्रॅक्टर ढकलतो."

"आणि अर्जावर हे बारीक अक्षरात? पाच वर्षं कंपनी सोडायची नाही, माघार नाही? दुसऱ्या कॉलेजात असली अट नाही."

"तिथे नोकरीही नाही."

"म्हणजे इथे एकदा शिरलं की रिव्हर्स नाहीच?"

"नाहीच."

"मग आण ते पेन. खास तुझ्यासाठीच काढलाय हा कोर्स."