यंत्रानं गाळलेली ओळ

—नाही, नाही, तो कप तिचाच, ठेवा पिशवीत. आणि ती शालही. एसीची हवा थेट या टेबलावर येते, गारठून जायची बिचारी — जागा बदलून द्या म्हणाली होती दोनदा, मी म्हटलं बघू, आणि ते बघायचं राहूनच गेलं. बसा ना, उभे का? मला वाटलं होतं ती स्वतःच येईल सामान न्यायला… नाही, बरोबर आहे, मीही आले नसते. वडील आले ते बरं झालं.

इथं सगळे तिला शंकासुर म्हणायचे, सांगितलं का तिनं? प्रेमानं हो! प्रत्येक गोष्टीत शंका — "मॅडम, हे असंच का? मॅडम, तसं झालं तर?" डोकं उठायचं कधीकधी. पण आमच्या कामात अशीच माणसं लागतात. पेशंटच्या नळीतून तासाला किती औषध जायचं ते ठरवणारा पंप, त्याचा प्रोग्रॅम आम्ही लिहितो — इथं शंका नाही घ्यायची तर कुठं घ्यायची?

काय?… हो, सांगते. तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नसेल, कामावरून काढल्याच्या नोटिशीत नुसतं "निष्काळजीपणा" लिहिलंय. तुम्ही सुतार ना? मग लगेच कळेल. यंत्राची मेमरी म्हणजे ओळीनं खणच खण असलेलं लांबलचक कपाट. पॉइंटर म्हणजे एका खणावर ठेवलेलं बोट. बाहेरून निरोप येतो — इथून इतके खण पुढं जा आणि तिथं हा आकडा ठेव. आता वायरीत खरखर झाली की निरोप भलताच यायचा, अब्जावधी खण पुढं जा! मग बोट कपाटाच्या टोकाला पोचून पुन्हा पहिल्या खणापासून सुरू होतं, आणि निघालं त्याच्याही मागंच येऊन थांबतं. म्हणून मी एक ओळ लिहिली होती — पुढं चालून बोट मागं आलं असेल, तर निरोप फेकून दे. माझी ओळ, हं. अकरा वर्षं चालली, एकदा दगा दिला नाही.

मग झालं काय — तर आम्ही लिहितो ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक प्रोग्रॅम असतो, कंपायलर. त्याला सांगता येतं, काम जलद होऊ दे, फालतू असेल ते काढ. आणि भाषेच्या नियमांत लिहिलंय की कपाटाबाहेर बोट न्यायचंच नाही. नेलंत तर पुढं काय होईल याची हमी नाही. काहीही होईल. कंपायलर म्हणतो, लिहिणारी माणसं शहाणी, नियम मोडणारच नाहीत, मग पुढं गेलेलं बोट मागं येईल कसं? येणारच नाही. मग ही तपासणी कशाला? — टाकली काढून! सांगणं नाही, सवरणं नाही. आम्ही लिहिलेल्यात ओळ दिसते, यंत्रात नाही. आणि एके दिवशी, भर दुपारी, वॉर्डात सगळे जागे असताना तसला निरोप आला, बोट मागं गेलं, आणि तासाला किती औषध सोडायचं तो आकडा ज्या खणात होता नेमकं त्याच्यावर… चार तासांचं औषध वीस मिनिटांत गेलं. त्या पंपावरच्या पेशंट, पोहायला शिकवायच्या त्या बाई. जीव वाचला. पण आता चमचा धरायलाही दुसरं कुणी लागतं.

कंपायलरला "जलद कर" सांगायचा तो बदल तुमच्या मुलीच्या नावावर आहे, ते खोटं नाही. स्क्रीन अडखळते अशी तक्रार होती, तिनं बदल केला — म्हणजे मी सांगितलं म्हणून केला. तोंडी. हो, मीच. चौकशीत तसं कुणी विचारलं नाही — विचारलं, विचारलं, पण "लेखी सूचना दिली होती का" असं विचारलं. लेखी नव्हती, मी नाही म्हटलं. खोटं कुठं बोलले मी?

असं बघू नका हो. तिला कळलं नव्हतं असं नाही, उलट तिलाच कळलं होतं! बदल केल्यावर तिसऱ्या दिवशी, त्या बाईंचं व्हायच्या आधीच आली, यंत्राच्या भाषेतली पानं छापून, लाल पेननं खूण करून. "मॅडम, तुमची ओळ इथं असायला हवी होती. नाहीये." मी चहा पीत होते, डोळ्यावर चष्मा नव्हता — डोक्यावर होता. नुसता खाली ओढायचा. मी म्हटलं, अगं, तू शाळेत होतीस तेव्हापासून चालतेय ही ओळ. सगळे हसले. तीही हसली थोडी. मग म्हणाली, "बोट हलवण्याआधीच मोजू या ना, टोकापर्यंत किती खण उरलेत ते? दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, ठेव, बघते. दोन मिनिटं! पुन्हा विचारायला आली नाही. एवढी शंकासुर, पण गप्प बसली, कारण मॅडम म्हणाल्या होत्या ठेव.

पानं?… आहेत. फाडणार होते, हात धजला नाही. घरी गादीखाली आहेत. आमचे हे दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत, माझ्या एकटीच्या नोकरीवर — जाऊ द्या, तुम्हाला कशाला सांगतेय मी हे. पानांचं तिनं घरी सांगितलं नाही? काहीच नाही? चौकशीतही बोलली नाही. मी रोज वाट बघत होते, आज सांगेल, आज सांगेल. मग म्हणाली तरी काय?

… "मॅडम सांगतील" म्हणाली?

म्हणजे तुम्ही सामान न्यायला आलाच नव्हतात.

नाही, लिहूनबिहून काही देता येणार नाही मला. आत्ता तर नाहीच. पास पाचपर्यंतचाच असतो, खालचा माणूस ओरडतो नंतर. ती पिशवी उचला. लिफ्ट डावीकडे आहे. अहो, जा ना आता — जा.