उतारावर ब्रेक मारायचा न्हाय

टीव्हीवर बघून तुमी म्हणता, ही कुणाला भीत न्हाय. मग ऐकाच.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी शेळगावला घरी आले होते. डॉक्टर म्हणाले, बिनधास्त खेळ. पण पायावर भरवसाच बसंना. मी बास्केटबॉलमधली पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन पुढं घुसायचं कामच माझं, आणि मला साधा जिना उतरायची भीती!

एक दिवस अब्बांच्या ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला निघाले. मागं उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या. कॅनॉलचा उतार लागला तशा त्या मागनं ढकलायला लागल्या. मी किंचाळले, "अब्बा, ब्रेक मारा!"

"गप बस! आता ब्रेक दाबला तर सगळा ऊस आपल्या अंगावर यील. भ्यायचं आसंल तर खाली पोचल्यावर भी."

मग लीगची पहिलीच मॅच. बॉल घेऊन पुढं गेले तर समोरच्या टीमची सेंटरला खेळणारी ताडमाड पोरगी थेट माझ्यावर चालून आली. ब्रेक मारावासा वाटला. पण अब्बांचं बोलणं आठवलं आणि न थांबता तिच्या बगलेतनं घुसले. मॅच जिंकलो. नंतर बाथरूममधे जाऊन थरथर कापत बसले, आणि तिथनंच अब्बांना फोन लावला.

"बघितलं का, अब्बा?"

"न्हाय गं. ती उंच बाई तुझ्या अंगावर आली, तवाच मी टीव्ही सोडून हिरीवर जाऊन बसलोय. गुडघा हाय न्हवं जाग्यावर?"