दुसरा मणका

—न्हाई रं बाळा, आमच्या म्हाताऱ्याची मान मोडलीबिडली न्हाई. आन् तू त्यो मोबाईल ठेव आदी खाली, तुझीच मान वाकलीया बघ पिकल्या लोंबीवानी — म्हणूनच आलास ना दवाखान्यात मानेचा फोटू काढायला? व्हय ना? मंग नंबर येईपातूर ऐक. एक होता कोंडाजी, एक होती त्याची बायको गंगूबाई — म्हंजी मीच, नवऱ्याचं नाव घेतलंय त्ये गोष्टीपुरतं — आन् दोगांची एक नात, अपेक्षा. आटपाट नगर न्हवतं, ताम्हिणीच्या अंगाला चार घरांची वाडी होती. कोंडाजीला खोड एकच. कुणी काय बी मागू दे, ह्यो मान हलवायचा! त्वांडानं बोलायचा न्हाई, नुसती मान. आन् आमच्याकडं बैठकीत मोठ्या माणसाची मान हलली की ठरलं — कागूद नगं, सही नगं. तशी हलवून हलवून इहिरीकडचा तुकडा गेला, रस्त्याकडचा गेला, एकाच साली भांडणाऱ्या दोनी पार्ट्यांचा उपाध्यक्ष झाला म्हातारा! ऱ्हायलं एक भाताचं खाचर.

मान कशी दुखावली म्हणतूस? मानेपायीच की! जीपमधी म्होरं बसला होता. मागनं एकजण म्हणतोय, आबा, खाचरात ढाबा टाकू का — ह्यो वळला मागं आन् लागला मान हलवायला, तवर डायवरनं खड्ड्यात बिरेक मारला. मान म्होरं, मान मागं — कच्च! हितंच आणला. डाक्टरीणबाईनं उजेडाच्या पाटीवर फोटू लावला — सात मणके, उतरंडीवानी एकावर एक, आन् वर कवटीचं गाडगं. मोडलं न्हाई, लचकलंय म्हणली. मी इचारलं, बाई, ह्यात व्हय म्हणणारा मणका कंचा? तर हसली न्हाई हां, गुणाची पोर, बोट ठेवून दावलं. सगळ्यात वरचा — त्याच्यावर डोकं खाली-वर हलतं, त्यो व्हय म्हणतो. त्याच्या खालचा दुसरा — त्याच्यावर डोकं डावी-उजवीकडं फिरतं, त्यो न्हाई म्हणतो. मी म्हणलं, मंग ह्यांचा दुसरा लगीन झाल्यापास्नं बंदच हाय, तेल घाला त्यात!

तर गळ्यात पट्टा बांधला, आन् चारच दिसांत अपेक्षाच्या लग्नाची बैठक. पोरगा सोन्यावानी, हिंजवडीला नोकरीला, काय सुदीक मागत न्हाई. मागतोय त्याचा मामा — त्ये बघ, पंख्याखाली, सोनेरी चष्मा, कुशाबा. हळू बघ की! बैठकीत म्हणला, पोराला चारचाकी द्या. चारचाकी म्हंजी खाचर गेलं. समदे बघत्यात म्हाताऱ्याकडं. म्हातारा मान हलवाया बघतोय, पर पट्टा हलू देतोय व्हय! डोळे तेवढे गरागरा फिरले. मामा म्हणला, ऱ्हाऊ द्या, पट्टा निघाला की आबांचं उत्तर घेऊ.

डाक्टरीणबाई पंधरा दिसांनी काढा म्हणली होती. मी — कुणाला सांगू नगं हां — मी दीड महिना काढलाच न्हाई. बाईंनी वाढवलाय म्हणून सांगितलं. म्हातारा त्यातच जेवला, त्यातच झोपला, गुमान. आज अपेक्षाच म्हणली, आजी, आता बास, मान लाकूड व्हईल. आन् मामानं काय केलं? आपणहून गाडीतनं आणलं आमाला! म्हातारा आत गेलाय पट्टा काढायला. आठ दिसांवर लगीन — पट्टा निघाला रं निघाला की हितंच इचारणार, आन् हितंच मान—

आला भाईर म्हातारा. बिनपट्ट्याचा आला. अगं आई, मामा उठला... इचारलं बघ — ‘मंग आबा, गाडीचं तेवढं बघा की!’ हलतीया रं मान, हलतीया — माझ्यानं बघवंना, तूच बघ. काय? आडवी? आडवी हलतीया? डावीकडं... उजवीकडं... परत डावीकडं! धा येळा न्हाई म्हणला? मामाचं त्वांड बघ! हात जोडतोय — काय म्हणतोय? ‘बास आबा, नारळ आन् पोरगी, दुसरं काय नगं.’ वाचलं रं माझं खाचर, वाचलं!

काय? त्या भिंतीवरच्या तक्त्यात लिवलंय? डाक्टरीणबाईनं सांगितलेला मानेचा व्यायाम हाय त्यो? दर तासाला धा येळा?

गप. एक शबूद बोलू नगंस. तुझं नाव पुकारलं बघ. जा आत.