कुलूप आणि पाण्याची गोळी

"माझे पाय सुजवले त्या नगरपंचायतीच्या साहेबानं! नाक्यावरच्या मुतारीला कुलूप ठोकलं ना त्यानं!"

शहापूरच्या दवाखान्यात बुधाजी बायकोवर गरजला, तसे रांगेत मागं बसलेल्या दामिनीनं कान टवकारले.

"मुतारीला कुलूप, आनि पाय सुजले तुमचे?"

"गाडीत लघवी लागती, कमळे. म्हनून येताना ती लघवी करवनारी पान्याची गोळी घेत नाय."

"लय शाने! अंगात पानी साचलं का हृदय दमतं, दमलं का ठोके उलटसुलट पडतात, नि मंग ते आनखी दमतं. डॉक्टर बोलला ना?"

"तू का मंग घरून पानी न पिता निघतेस?"

कमळाबाईनं पिशवीतून गोळी काढली. दामिनीलाच हसू फुटलं, "मी पन नाय पीत, मावशी."

कमळाबाईनं गोळी नवऱ्यापुढं धरली, "गिळा आताच, हितला संडास उघडा हाय. जाताना तिघं साहेबाच्या दारात बसू."

"आनि?" बुधाजीनं विचारलं.

"विचारू, साहेब, किल्ली कोनाच्या खिशात हाय? बोला!"