प्रेमानंदच्या विमानाले इंजिन केवढं?

...अन् वरून लोक मलेच विचारतात, भाऊ, तुम्हाले आवाजाचा त्रास होते का? होते का म्हणजे? भिंतीले भिंत लागून घर आहे माझं! इकडे माझ्या चहाच्या कपात लाटा उठून राहिल्या अन् तिकडे आमचा शेजारी, प्रेमानंद गजभिये, अंगणात उकिडवा बसून खेळण्यातल्या विमानाचं इंजिन... खेळण्यातलं म्हटलं का त्याले राग येते. "खेळणं नाही भाऊ, मॉडेल आहे." बरं बाप्पा, मॉडेल. पाच फुटाचे पंख, बाल्सा नावाचं कापसासारखं हलकं लाकूड, हातातल्या रिमोटवर उडते, आकाशात कोलांट्या मारते, सगळं मान्य. पण तुम्हाले सांगतो, दोन वर्षं त्या घरात, अन् त्यातलं निदान एक वर्ष माझ्याही घरात, जेवताना, झोपताना, एकच प्रश्न. इंजिन केवढं टाकायचं?

आता प्रेमानंद म्हणजे काही ऐरागैरा माणूस नाही. हिंगण्याच्या कंपनीत लेथ मशीनवर सव्वीस वर्षं झाली त्याले. लोखंडावर नख फिरवून सांगते का इथे केसभर जास्त आहे. बोलणं कमी, हात सोन्याचे. अन् हे विमान त्याचं स्वतःचंही नव्हतं, म्हणजे बनवलं त्यानंच, पण नकाशा गणपतरावांचा. गणपतराव कोण, तर प्रेमानंदले विमानांचा नाद लावणारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर मोठ्या विमानांची इंजिनं खोलून पुन्हा जोडलेला माणूस. तीस वर्षांआधी त्यांनी हा नकाशा काढला, एकेक फासळी पेन्सिलीनं, अन् बनवायचं राहून गेलं. आधी वेळ नव्हता, मग हात थरथरायला लागले. मग एक दिवस गुंडाळी केलेला कागद प्रेमानंदच्या हातात देला अन् म्हणाले, "प्रेमा, हे सरळ वर गेलं पाहिजे गा. वाकडं नाही, गोल नाही. सरळ. अन् वर जाऊन थांबलं पाहिजे."

थांबलं पाहिजे! हवेत! पाखरू थांबत नाही, हे थांबणार?

अन् वरून मुदत. फेब्रुवारी लागला का गणपतराव पोरीकडे पुण्याले जाणार होते, कायमचे. म्हणजे जे काय दाखवायचं, ते जानेवारी संपायच्या आत.

नकाशाच्या कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, दहा सीसी. संपलं ना मग? कुठचं संपते? लिहिलेलं वाचून गुमान मानलं तर तो नागपूरचा माणूस कायचा? जो येते तो सल्ला देते. मी सुद्धा देला, खोटं काहून बोलू, मले इंजिनातलं ओ का ठो समजत नाही तरी देला. अन् सगळ्यात मोठा सल्ला नत्थूशेटचा. नत्थूशेट म्हणजे गांधीबागेत साड्यांचा ठोक धंदा, विमानं उडवायचा शौक, अन् तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, त्याच्यामुळे बोलताना हनुवटी वर. "अरे पेमानंद, दहा में क्या होता है? बीस टाक, बीस. माझ्याकडे पडून आहे पेट्रोलवालं. मोठं टाकलं का टेन्शनच नाही. ताकद कमी पडली तर रडशील, जास्त झाली तर कोणी रडते का?"

बोला. आहे का याले उत्तर? मले तर एकदम पटलं. प्रेमानंदलेही पटलं. न पटलेली एकच, त्याची बायको.

भावनाताई अंगणवाडीत सेविका आहे. अठरा वर्षं लेकरं तोलून राहिली. झोळीत लेकरू टाकायचं, काट्याले लटकवायचं, आकडा पाहायचा, कार्डावर टिंब मांडायचं. तिनं एवढंच विचारलं, "अवो, पण विमानाचं वजन किती भरलं?"

प्रेमानंद म्हणते, "इंजिनाची गोष्ट चालू आहे."

"मी पण त्याचीच करून राहिली. ज्याच्या नाकात बसवता, ते किती आहे तेवढं तर सांगा."

नाही सांगितलं. तोललंच नव्हतं. नत्थूशेटचं वीस सीसीचं धूड आलं, बसलं. आता नाकात एवढं लोखंड आल्यावर विमान तोंडावर पडणार नाही का? पडलं. म्हणून समतोलासाठी शेपटीत शिसं ओतलं. शेपटी जड झाली म्हणून तिची काडी बदलून जाड टाकली. चाकं वाकली म्हणून तार जाड. म्हणजे एका पाहुण्यासाठी घरातलं सगळं सामान बदललं, अन् नत्थूशेट हनुवटी वर करून, "बहोत बढिया."

डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी रामटेकच्या रोडवर, धानाच्या बांध्यांच्या बाजूले पडीत जमीन आहे, तिथे गेलो. गणपतराव खुर्चीवर, मफलर गुंडाळून. मी विमानाची शेपटी धरून, कारण माझं काम तेवढंच. इंजिन चालू झालं अन् तुम्हाले सांगतो, माझे दात वाजले. सोडलं. पळालं, उठलं. उडालं का? उडालं. पण कसं, तर म्हैस पाण्यात उतरल्यावर वळते तसं. ताकद होती, जोरात पळे, पण हळू केलं का दगडासारखं खाली बसे. वर पाठवलं तर गेलं, पण कसं, ढकलून नेल्यासारखं. त्यात डौल नव्हता. अन् उतरवताना प्रेमानंदनं जरा वेग कमी केला, जरासाच, अन् बांधावर डावा पंख टेकला. कडाड. दोन वर्षं, भाऊ. दोन वर्षांचा आवाज तेवढाच असते, कडाड.

नत्थूशेटनं पण खर्रा थुंकला, म्हणजे पाहा. प्रेमानंद चालत गेला, तुकडे वेचले, एकेक, धान वेचल्यासारखे. गणपतरावांसमोर आला अन् तुकडे त्यांच्या पायाशी ठेवले. गणपतराव म्हणाले, "नकाशात दहा लिहिलं होतं ना गा?" रागानं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर तो जेवला नाही. रिमोट माळ्यावर टाकला, कंपनीत जाय, घरी येय, भिंतीकडे पाहत बसे. माझा चहा स्थिर झाला, अन् तुम्हाले सांगतो, मलेच करमेना. चौथ्या दिवशी भावनाताईनं अंगणवाडीच्या कपाटात पडलेला जुना काटा मागून आणला, अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीले लटकवला, अन् सगळे तुकडे चादरीच्या झोळीत टाकून तोलले. "या, पाहा." चार किलो दोनशे. मग इंजिन काढलं, शिसं काढलं, जाड तार काढली. पुन्हा तोललं. दोन किलोच्या खाली. म्हणते, "लेकरू नाजूक होतं. तुम्ही त्याच्या डोक्यावर गाठोडं देलं, अन् गाठोडं उचलता यावं म्हणून त्याले जाड केलं."

प्रेमानंदनं दोन्ही आकडे अंगणातल्या मातीत बोटानं लिहिले. मग उठला, हात धुतले, अन् माळ्यावरून रिमोट काढला.

मग काय विचारता. कंपनीतून आला का नवं लाकूड घासायचं, तोलायचं. डिंक लावला, तोल. कातडीसारखा पातळ प्लास्टिकचा कागद भावनाताईनं इस्त्रीनं चढवला, तोल. दहा सीसीचं इंजिन आलं, माझ्या मुठीएवढं, मले तर पाहून कीवच आली. पूर्ण विमान भरलं दोन किलो आठशे. आता प्रश्न, हे मुठीएवढं इंजिन ओढणार किती? तर तोच काटा. काट्याचं एक टोक कडुलिंबाच्या बुंध्याले, दुसरं विमानाच्या शेपटीले, अन् इंजिन फुल. विमान पुढे ओढते, काटा आकडा दाखवते, भावनाताई वाकून वाचते. दोन किलो सहाशे. वजनापेक्षा कमी! म्हणजे हवेत थांबणार नाही. मले वाटलं, झालं, आता पुन्हा नत्थूशेट.

फोन लावला गणपतरावांले. ते म्हणाले, "इंजिनाले हात लावू नको. पंखा बदल. पातं लांब घे, पीळ कमीचा घे." म्हणजे समोर फिरते ते लाकडी पातं. बदललं. तेच इंजिन, तेच तेल, तोच कडुलिंब. काटा सरकला. तीन किलो. तीन तीनशे. साडेतीन. भावनाताईनं आकडा वाचला अन् पुन्हा वाचला, अन् मग हळूच म्हणाली, "अवो, हे स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओढून राहिलं." माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगतो. मुठीएवढ्या लोखंडाले कोणी सांगितलं का तू एवढं उचल?

जानेवारीचा शेवटचा रविवार. तीच जमीन, तीच खुर्ची, सकाळचं पातळ धुकं. शेपटी मीच धरली. या वेळी दात नाही वाजले, हाताले फक्त एक ओढ लागली, मांजराच्या पिल्लानं सुटायची धडपड करावी तशी. सोडलं. दहा पावलं पळालं अन् जमीन सोडली, अन् आवाज कसा, तर शिलाई मशीनचा. प्रेमानंदनं एक चक्कर घेतली, दोन घेतल्या. मग आमच्या समोर आणलं अन् नाक वर केलं.

सरळ. ओळंबा सोडावा तसं, फक्त उलटा, खालून वर. गेलं, गेलं, ऊन लागलं त्याले धुक्याच्या वर, पंख पिवळे दिसले. मग हळू झालं. अजून हळू. अन् थांबलं, भाऊ. हवेत. नाक आभाळात, शेपटी आमच्याकडे, स्वतःच्या पात्याले लटकून उभं. खाली काही नाही, वर काही नाही. बांधावर एक शेतकरी बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती, तीही उभी राहिली. नत्थूशेट तोंड उघडं ठेवून, खर्रा चावायचं विसरला. प्रेमानंदचे दोन अंगठे तेवढे हलत होते, जरा जरा, अन् त्याच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं तरी अंगठे काही चुकले नाहीत. किती वेळ? मले नाही सांगता येत. मी श्वास घेतला तेव्हा ते खाली येऊन गवतावर टेकलंही होतं.

गणपतराव उठले. मफलर सोडला, त्यानंच डोळे पुसले. विमानापाशी गेले, वाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, थरथरता. भावनाताईनं तर पदर तोंडाले लावला. तीस वर्षांचा कागद त्या माणसाच्या डोळ्यासमोर उभा राहिला होता, आता काय बोलतील, असं झालं आम्हाले.

बोलले.

"प्रेमा, शेपूट दोन सूत लांब झालं गा."

दोन सूत! म्हणजे पाव इंच! काय करता? दुसऱ्या दिवशी गणपतराव पुण्याच्या गाडीत बसले, अन् इकडे आमचा प्रेमानंद, कंपनीतून सुट्टी टाकून, अंगणात उकिडवा बसून शेपूट घासून राहिला.