लावलंस?

मास्तर – हातमोजा काढ आधी. काढ, मग बोल.

बायको – बोलायचं काही नाहीच. विमानाचं इंजिन स्टँडवर घट्ट बसवलंय, स्टँडच्या पायांवर वाळूच्या गोण्या ठेवल्यात. पेट्रोलमध्ये तेल घातलंय, तुमच्या वहीत लिहिलंय तेवढंच. पंखा मी फिरवणार.

मास्तर – वेड लागलंय का तुला? सात महिने ते झाकून ठेवलंय ते उगाच? विकून टाकू म्हटलं होतं ना.

बायको – म्हणता विकू, आणि रोज सकाळी शेडपर्यंत जाता. कडीला हात लावता नि परत येता. मी काय आंधळी आहे? रिमोटचं दहा फुटी विमान, दोन वर्षं खपून बांधलंत. ते काय कपडे वाळत घालायला?

मास्तर – घालू कपडे. मला चालेल.

बायको – मला नाही चालणार.

मास्तर – अगं, तुझ्या हातावर घर चाललंय आता. माझी दोन बोटं गेली, कात्री तुझ्याकडे आली. तुझं काही झालं तर कापड कोण बेतणार? मला भीती वाटते, झालं?

बायको – मलाही वाटते. म्हणून तर आजच. आणखी थोडे दिवस गेले तर आपण दोघंही तिकडे फिरकणार नाही.

मास्तर – मग मी फिरवतो.

बायको – तीन बोटांनी? गप बसा. तुम्ही स्विच धरा.

मास्तर – स्विच नको. दुसरं काहीही सांग.

बायको – का? त्या दिवशी तो माझ्याकडे होता म्हणून?

मास्तर – त्या दिवशी हात निसटला. किती वेळा सांगायचं?

बायको – डॉक्टरांना सांगितलंत, शेजाऱ्यांना सांगितलंत, ठीक. मला नका सांगू. तुम्ही विचारलंत, "लावलंस?" मी म्हटलं, "लावलं."

मास्तर – सोड ना तो विषय.

बायको – तुम्ही हवेच्या झडपेचं विचारत होता. दार लावतो तशी ती लावायची, म्हणजे इंजिन पेट्रोल ओढतं. आणि मी दिवा लावतो तसा स्विच लावला. चालू केला. तुम्ही निर्धास्तपणे पंख्याला हात घातलात आणि इंजिन एकदम सुरू झालं. तेव्हापासून हे गिळून बसलेय मी.

मास्तर – मला त्याच दिवशी कळलं होतं.

बायको – मग बोलला का नाहीत?

मास्तर – काय बोलू? शब्द माझाच. अस्तर लाव, गुंडी लाव, दिवे लाव, शटर लाव. दुकानात सगळ्याला एकच शब्द माझा. तू मी बोललो तेच केलंस.

बायको – आणि मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर तोंड बघणार नाही माझं.

मास्तर – मला वाटायचं, तुला कळलं तर तू कात्री धरणार नाहीस.

बायको – बरं. आज "लाव" म्हणायचं नाही. झडप मिटली, झडप उघडली. स्विच चालू, स्विच बंद. चुकून "लाव" म्हणालात तर मी सरळ घरात जाईन.

मास्तर – जा ना मग. लाव, लाव, लाव.

बायको – अहो, चेष्टा पुरे. झडप?

मास्तर – मिटली.

बायको – स्विच?... अहो, स्विच?

मास्तर – बंद. थांब, हात घालू नकोस. बॅटरीची वायरच काढतो. ही बघ, माझ्या मुठीत. आता बंद.

बायको – चारदा फिरवला. पेट्रोल नळीतून वर आलं.

मास्तर – मागे हो. ती बाही वर कर, ढगळ आहे. शिंपिणीची बाही पंख्यात गेली तर जग हसेल. झडप उघडली. वायर जोडली. ऐक, पातं ओढलंस की हात थेट छातीशी. समोर रेंगाळायचं नाही.

बायको – कळलं. तुम्ही डोळे उघडे ठेवा म्हणजे झालं.

मास्तर – स्विच चालू. देवा रे.

(इंजिन दोनदा नुसतं खोकतं, तिसऱ्या वेळी सुरू होतं.)

बायको – बंद करू नका. अहो, बंद करू नका.

मास्तर – हात वर कर. दोन्ही. ऐकू येतंय का? हात वर.

बायको – केले वर. तुम्ही वेग कमीजास्त करत राहा. नवं इंजिन एका सुरात चालवायचं नाही, वहीत तुम्हीच लिहिलंय. सावकाश मोकळं होऊ दे त्याला.

मास्तर – ते राहू दे. बोटं पसर. मोजू दे मला.

बायको – मोजा.

मास्तर – दहा.

बायको – आता तुमची दाखवा.

मास्तर – माझी काय मोजायची? आठ.

बायको – म्हणजे अठरा. भागेल आपलं.