कोरडं जॅकेट

आमी ढिवर, भाऊ. वैनगंगेच्या काठचे, चामोर्शीकडचे. बाप डोंगा चालवे, आजा बी डोंगाच चालवे, अन् माय सांगे का मले चालता याच्या पह्यले पोहता आलं. शाळा म्हनाल तं चौथी, तेही मास्तर आमच्याच डोंग्यातून ये-जा करे म्हनून, तो दिसला का मले जाच लागे. नाव नामदेव, पन गावात डोंगेवालाच म्हनतात. आता डोंगा माह्याजवर नाई, पुतन्या चालवते, मले तेवढं नाव राह्यलं.

आमच्या गावच्या बाया धान कापाले नदीपल्याड जातात. सकारी थंडीत इळे घेऊन काठावर उभ्या. माही बायको तानाबाई त्याइच्यात पह्यली. तिचं तोंड काई गप राहे नाई. बायाइले म्हने, हळू बसा वं, नवरा बुडला तं दुसरा भेटन, सासऱ्याचा डोंगा पुन्हा भेटाचा नाई. बाया हासत, मी बी हासो.

मंग एकदा तालुक्याहून साहेब आले, मानूस बुडू नये म्हनून घालाचे दहा जॅकेट देऊन गेले. केसरी, फुगीर. पट्टा असा लावा, शिट्टी अशी वाजवा, सगळं करून दाखवलं. साहेब गेले अन् काय झालं सांगू तुम्हाले, डोंग्याच्या बुडात दोन बोटं पानी राह्यतेच, थंडीत लुगडं ओलं झालं का दिवसभर अंगाले चिकटते, तं बायाइनं जॅकेट खाली टाकले अन् त्याच्यावर बसल्या. मीच म्हनलं, बसा, गाद्या देल्या सरकारनं. खरं सांगू का भाऊ, मले ते बरंच वाटलं. ढिवराच्या डोंग्यात जॅकेट घालनं म्हनजे ढिवराले नाव ठेवनं, असं माह्या डोक्यात होतं. माह्या बापाच्या डोंग्यात कोनी घातलं होतं काय.

अन् एका दिवशी वारा सुटला. मधात गेलो अन् एका अंगानं पानी आत आलं. मी वरडलो, जागच्या हालू नका, पन थंडं पानी मांडीले लागलं तं मानूस हालतेच, साऱ्याच्या साऱ्या दुसऱ्या अंगाले सरकल्या अन् डोंगा पालथा. सात बाया होत्या. मी एकीले धरो, पालथ्या डोंग्याले लावो, दुसरीले धरो. तानी मले दिसत होती, दहा हातांवर, डोकं वर होतं. तिच्या गळ्याले एक बाई लटकली होती. मी म्हनलं, तानीले पोहता येते, मासोळीची जात तिची, तिले मागून काढू. त्या बाईले तिनं डोंग्याकडं ढकललं, मी धरलं, अन् पाह्यतो तं तानी नाई.

जॅकेट सगळे वर आले. दहाचे दहा, तरंगत होते. काई करता आलं नाई, भाऊ. डुबक्या मारल्या, डोळे फुटाची पाळी आली. सहा बाया आजही मले पाह्यल्या का पदर डोक्यावर घेतात, मले ते सहन होत नाई.

आता मी तलावावर कामाले हाय, फिराले लोक येतात तिथी. ती एकट्याची चपटी होडी असते, कयाक म्हनतात, ती चालवाले. माहं काम जॅकेट बांधून देनं. मी घट्ट बांधतो, अन् लोक पान्यात गेले का फोटोसाठी सोडतात. काका, पोट दिसते जॅकेटानं. काका, कमरेइतकंच तं पानी हाय. मी काठावरून शिट्टी फुकतो, ते हात हालवतात. तिथल्या साहेबाले सांगतलं तं म्हने, नामदेव, गिऱ्हाइकावर खेकसू नको. मंग पुढच्याचा पट्टा बांधाले घेतो. मी कोनाले सांगू, मीच गाद्या केल्या होत्या.

एका जॅकेटाची कडी तुटली, ते फेकून राह्यले होते, मी मांगून घेतलं. जाळ्याच्या दोऱ्यानं शिवलं. पोरगी वनिता गावातच देली हाय, तीही कापनीले त्याच डोंग्यानं जाते. तिले म्हनलं, घाल. ती म्हने, बाबा, आमी आठ जनी. एकलीच घालून बसू तं बाकीच्याइकडं कोन्या तोंडानं पाहू. अन् उद्या कोनी माह्या गळ्याले लटकली तं मी काय करीन, सांगा. तीही तानीचीच पोरगी हाय.

आनखी सात जॅकेट कुठून आनू. पह्यले दहा कुजून गेले. अर्ज देला, दोनदा देला, पाहू म्हनतात.

तं ते एक जॅकेट रोज डोंग्यात जाते. आता त्याच्यावर कोनी बसत नाई, तेवढं पाळतात, मधात शिदोरीच्या टोपल्यावर ठेवतात. तुम्हाले देव सुखी ठेवो, भाऊ, लेकराइले घेऊन होडीत बसाल तं पट्टा लावा, माह्यासाठी लावा. मी तलावावरून आलो का सीधा काठावर जातो. डोंगा लागते, बाया उतरतात, मी मोजत नाई, हिंमत होत नाई. पह्यले जॅकेटाले हात लावून पाह्यतो. कोरडं लागलं का मंग पोरीकडं पाह्यतो.